मानवी शरीर आणि निसर्ग: सीताबर्डीत मिळणाऱ्या एका कार्डसंचाविषयी

नागपूरच्या सीताबर्डीतील पुस्तकांच्या दुकानात मिळालेला हा मराठी कार्डसंच आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी काढलेला असला, तरी घरातील मोठी माणसेही तो हातातून सोडत नाहीत. छपाई स्वच्छ आहे, चित्रे ठळक आहेत आणि भाषा सोपी आहे. प्रश्न आहे तो मजकुराच्या खरेपणाचा.

सर्वांत उत्तम कार्ड अंधबिंदूचे. त्यावर डावीकडे फुली आणि उजवीकडे काळा ठिपका छापला आहे. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे पाहत कार्ड हळूहळू जवळ आणले, की एका ठरावीक अंतरावर ठिपका चक्क नाहीसा होतो. दृष्टिचेता जेथून डोळ्याबाहेर पडते, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, आणि ती रिकामी जागा मेंदू आसपासच्या रंगाने परस्पर भरून टाकतो, हे कारणही मागील बाजूस नेमके दिले आहे. सगळी कार्डे अशी असती तर तक्रारीला जागा उरली नसती.

घामाच्या कार्डावर ‘घामामुळे शरीर थंड राहते’ एवढेच लिहिलेले आहे. वास्तविक नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते, तर निथळून गेलेला घाम जवळजवळ वायाच जातो. मे महिन्याच्या कोरड्या झळांत ज्या कूलरमुळे आपले घर राहण्याजोगे होते, तोच कूलर पावसाळ्यात नुसती चिकचिक वाढवतो, यामागेही हेच तत्त्व आहे. नागपूरच्या मुलाला हे दोन ओळींत सांगता आले असते.

संत्र्याचे कार्ड त्या मानाने चांगले उतरले आहे. रात्री थंडावू लागल्या की सालीतील हरितद्रव्य विरते आणि केशरी रंग वर दिसू लागतो, म्हणून उष्ण हवेत फळ आतून पिकले तरी साल हिरवट राहू शकते, असे त्यात म्हटले आहे. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यातून धरलेल्या संत्र्यांचा, सुरुवातीचा हिरवट माल पाहून नाक मुरडणाऱ्या ग्राहकांनीही हे कार्ड वाचावे.

काही कार्डांनी मात्र जुन्या समजुती तशाच पुढे ढकलल्या आहेत. आतड्याचा अंतर्भाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो, हे त्यांपैकी एक. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार संपूर्ण पचनमार्गाचे आतील क्षेत्रफळ सुमारे 32 चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या निम्म्या मैदानाहूनही कमी भरते. शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हा दावाही 2016 च्या गणिताने मोडीत काढला असून दोहोंची संख्या जवळपास बरोबरीची निघाली आहे. मेंदूचा दहाच टक्के वापर होतो, हे वाक्य तर संपादकांनी छापायलाच नको होते.

असे असूनही संच घ्यावा. ही तीन कार्डे काढून ठेवावीत. जिभेच्या नकाशाचे कार्ड चुकीचे असले तरी टाकू नये. गोड चव फक्त शेंड्यावर आणि कडू फक्त मागे कळते, असे ते सांगते. मुलाच्या जिभेच्या शेंड्यावर कारल्याच्या रसाचा एक थेंब ठेवला, की छापील मजकूर कसा तपासावा हे त्याला तिथेच कळते.