लोप की प्रतिस्थापन? एकसामयिक समीकरणांसाठी कोणती पद्धत धरावी

लोप म्हणजे समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवणे; प्रतिस्थापन म्हणजे एका समीकरणातून चलाची किंमत काढून ती दुसऱ्यात ठेवणे. दोन्ही पद्धतींनी उत्तर एकच येते, त्यामुळे निवड करताना चूक नेमकी कुठे होते एवढेच पाहायचे. हे उदाहरण घ्या:

३क्ष + ५य = ७
२क्ष − ७य = १५

प्रतिस्थापनाने जायचे तर पहिल्यातून क्ष = (७ − ५य)/३ आणि ते दुसऱ्यात ठेवायचे: २(७ − ५य)/३ − ७य = १५. मला खटकतो तो हा छेद. तो घालवायला ३ ने गुणताना पहिले पद गुणले जाते, उजवीकडचे १५ चे ४५ होतात, पण मधले −७य तसेच राहून जाते. मग −३१य = ३१ ऐवजी −१७य = ३१ येते आणि पुढचे सगळे बिघडते. एखाद्या चलाचा सहगुणक (चलापुढचा आकडा) १ किंवा −१ असेल तर हा त्रास नाही. तिथे प्रतिस्थापनच सोपे. दोन रेषीय फले य = २क्ष + ५ आणि य = −क्ष + ११ अशी दिलेली असतील तर उजव्या बाजू सरळ समान मांडाव्यात: ३क्ष = ६, म्हणून क्ष = २, य = ९. इथे लोपाचा हट्ट कशाला?

सहगुणक २, ३, ५, ७ असे आले की मात्र मी लोपाकडे वळतो. त्यातला धोका वजाबाकीचा: पहिल्याला २ ने, दुसऱ्याला ३ ने गुणून वजा करताना १०य − (−२१य) चे घाईत −११य होते. म्हणून वजाबाकी करूच नये. दुसऱ्याला −३ ने गुणावे, उजवी बाजूही न विसरता, आणि बेरीज करावी:

६क्ष + १०य = १४
−६क्ष + २१य = −४५

३१य = −३१, य = −१, क्ष = ४. छेद कुठेच आला नाही.

सहगुणकांच्या निश्चयकांवरून थेट किमती काढणारी क्रेमरची पद्धत (१७५०) ज्यांना पाठ आहे त्यांना कदाचित तीच झटपट वाटेल; इथे निश्चयक, म्हणजे सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, ३(−७) − ५(२) = −२१ − १० = −३१. फक्त स्थिरपद (चल नसलेला आकडा) आधी उजवीकडे न्यावे, नाहीतर दोन्ही किमतींची चिन्हे उलटतात. आलेख रेषा समांतर आहेत का हे दाखवायला उत्तम, पण उकल अपूर्णांकात असली की छेदनबिंदू अंदाजानेच वाचावा लागतो.

पद्धत कोणतीही असो, ताळा पाहताना एक पथ्य पाळा. य ची किंमत पहिल्या समीकरणात ठेवून क्ष काढला असेल, तर ताळा दुसऱ्यात घ्या: २(४) − ७(−१) = १५. य चुकलेला असला तरी पहिले समीकरण जुळतेच, कारण क्ष त्यातूनच काढलेला असतो.