अमर्याद बॅकअप की मोजून घेतलेली जागा? दोन्ही वापरून झाल्यावर

राजेहो, तुळशीचं लग्न जवळ आलं की आपल्या स्टुडिओवाल्या मित्रांचे फोन सुरू होतात, भाऊ ऑनलाइन बॅकअप कोणता घेऊ म्हणून. यावर्षी तिघांनी विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात फोटो-व्हिडिओचं काम करतो. लग्न, साक्षगंध, बारसं, शाळेचं गॅदरिंग, जे येईल ते. एक एडिटिंगचा पीसी, काउंटरवर एक जुना लॅपटॉप आणि लोखंडी कपाटात सात एक्स्टर्नल हार्डडिस्क. हे आधी सांगतो कारण माझा निकाल त्या कपाटामुळे लागला. तुमच्याकडे तसं कपाट नसेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह मी या तुलनेत धरत नाही. अल्बमचं डिझाइन गिऱ्हाइकाला दाखवायला मी रोज गूगल ड्राइव्हच वापरतो, त्या कामाला ते चांगलंच आहे. पण ते सिंक आहे. पीसीवरचं फोल्डर उडालं की तिकडचंही उडतं, मग ३० दिवस ट्रॅशमध्ये, आणि सीझनमध्ये ३० दिवस कधी निघून जातात कळत नाही. तेव्हा खरा प्रश्न दोन प्रकारच्या सेवांमध्ये आहे. पहिल्या प्रकारात एका कॉम्प्युटरचे वर्षाचे पैसे भरा आणि त्यात आहे तेवढा सगळा डेटा चढवा, मोजमाप नाही. दुसऱ्या प्रकारात दोन टीबी, पाच टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) अशी जागा विकत घ्यायची आणि त्यात पीसी, लॅपटॉप, मोबाइल, काय वाटेल ते टाकायचं. पहिल्या प्रकारची सेवा मी दोन वर्षं वापरली, दुसऱ्या प्रकारची आता तीन वर्षांपासून आहे. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण माझ्या अनुभवात आमच्या गावच्या लाइनीचा, म्हणजे विजेचा, वाटा मोठा आहे आणि नियमही बदलत राहतात.

पहिलीबद्दल चांगलं आधी सांगतो. लावायला इतकी सोपी की माझ्या पुतण्याने दहा मिनिटांत लावून दिली. कोणतं फोल्डर घ्यायचं हे विचारत नाही, सगळंच घेते. डेस्कटॉपवर कुठेतरी टाकून ठेवलेली पीएसडी (फोटोशॉपची फाइल), डाउनलोडमध्ये पडलेलं पत्रिकेचं डिझाइन, जे आपण कधी आठवणीने कॉपी केलं नसतं तेही जातं. आळशी माणसासाठी म्हणत नाही, पण सकाळी सातला मंडपात आणि रात्री दोनला घरी येणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. आणि डेटा वाढला तरी बिल तेवढंच. एकच तपासून घ्या, काही सेवांमध्ये व्हिडिओ किंवा ४ जीबीपेक्षा मोठ्या फाइली आपोआप जात नाहीत, हाताने टिक करावी लागते. व्हिडिओवाल्याचं अर्धं काम त्यातच असतं.

अपलोडचा त्रास दोन्हीकडे सारखाच, त्यात डावं-उजवं करू नका. माझ्या फायबरला अपलोड साधारण १० एमबीपीएस मिळतं. हिशोब केला तर रात्री ८ तासांत ३६ जीबी. दोन कॅमेऱ्यांचं लग्न माझ्याकडे १८० जीबीच्या आसपास भरतं, म्हणजे एका लग्नाला पाच रात्री, तेही लाइन गेली नाही तर. वैशाखात एका आठवड्यात तीन लग्नं असली की रांग लागते. म्हणून मी आधी फक्त फोटोच्या रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ) फाइली आणि फायनल व्हिडिओ चढवतो, बाकीचं फुटेज नंतर. एडिटिंग सॉफ्टवेअर कामापुरत्या तात्पुरत्या फाइली बनवतं ती रेंडर आणि कॅशेची फोल्डरं तर पहिल्याच दिवशी वगळा, ती पुन्हा तयार होतात आणि उगाच रात्री खातात.

आता ज्याच्यामुळे मी बदललं ते.

माझ्या अमर्याद सेवेत एक्स्टर्नल डिस्कही चालायची, हे खरं आहे. पण ती सेवा तुमच्या कॉम्प्युटरची आजची स्थिती जपते. डिस्क जोडलेली असेल तर तिच्यावरचा डेटा 'आहे', काढून कपाटात ठेवली की तिचे दिवस मोजायला सुरुवात होते. ठरलेल्या मुदतीत पुन्हा जोडली नाही तर सेवा समजते की ही डिस्क आता तुमच्याकडे नाही, आणि तिकडचा डेटा काढून टाकते. ही मुदत कुठे महिन्याची, कुठे जास्त पैसे भरून किंवा सेटिंग बदलून वर्षाची, पण मोजणी असतेच. घेताना मी हे वाचलं होतं. महिन्यातून एकदा डिस्क जोडायची, त्यात काय मोठं, असं वाटलं होतं.

करून बघा. माझ्या सात डिस्क, पीसीला मागून चालणारे यूएसबी पोर्ट तीन. एक जोडली की सॉफ्टवेअर ती आधी पूर्ण तपासतं, लाखभर फाइली असल्या की दोन-दोन तास नुसतं तपासणंच चालतं. तेवढ्यात लाइन जाते. इन्व्हर्टरवर पीसी वीसेक मिनिटं टिकतो, मग बंद करावा लागतो, आणि लाइन आली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात आमची डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की नवी यायला कधी दोन दिवस, कधी आठ. शेतीचा सीझन असतो, महावितरणचा माणूस तरी किती ठिकाणी जाईल. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्क जोडायचं ठरवलं होतं, भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल पण करून ठेवायचो. मेल यायचा, अमुक डिस्क इतके दिवस जोडलेली नाही. तो वाचून मंडपात उभं राहून जीव खालीवर व्हायचा, कारण घरी जाऊन डिस्क जोडायला कोणीच नसायचं. बायकोला शिकवलं, तिने काही महिने केलंही, पण तिला अंगणवाडीचं काम आहे, तिच्यावर हे किती टाकणार.

आणि मग श्रावणात एक दिवस संध्याकाळी एक पोरगा आला, बाजूच्या गावचा. म्हणाला, "भाऊ, बाबाचा एखादा चांगला फोटो असन का तुमच्यापाशी? दादाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. परवा तेरवी हाय." लग्न मीच केलं होतं, २०१८ चं. फोटो मला डोळ्यासमोर दिसत होता, मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते आणि हसत होते, घरातल्या कोणी कधी त्यांना तसं हसताना पाहिलं नसेल असं. कपाटातून डिस्क काढली, वर मार्करने लिहिलेलं, 'लग्न २०१८, दुसरी'. जोडली. आधी दिवा लागला, मग टिक, टिक, टिक, थांबायचं, पुन्हा टिक. पीसीवर काहीच दिसेना. केबल बदलली, पोर्ट बदलला, लॅपटॉपला लावली. तोच आवाज. मी त्याला म्हणालो काळजी करू नको, ऑनलाइन आहे. लॉगिन केलं, तर यादीत त्या डिस्कचं नावच नव्हतं. जून आणि जुलै दोन्ही महिने ती जोडायची राहून गेली होती.

तो पोरगा अर्धा तास स्टूलवर बसून होता. शेवटी त्याच्या वहिनीच्या माहेरी दिलेल्या पेनड्राइव्हमधून एक लहान कॉपी मिळाली, मी ती व्हॉट्सॲपवर न मागवता पेनड्राइव्हच घेऊन यायला सांगितला, म्हणजे आहे तेवढी तरी क्वालिटी राहील, आणि त्यावरून फ्रेम करून दिली. पैसे घेतले नाहीत. डिस्क नागपूरला सीताबर्डीत दाखवली, रिकव्हरीचे १८ हजार सांगितले आणि खात्री नाही म्हणाले. सेवेने आपला नियम पाळला, तो मला माहीत होता, त्यामुळे तक्रार कुठे करणार. पण ज्या नियमाला माझ्या घरी लाइन असणं गरजेचं आहे, तो नियम माझ्या कामाचा नाही एवढं त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या प्रकारात ही मोजणीच नाही. एकदा चढवलेलं फोल्डर मी स्वतः डिलीट करेपर्यंत तिथे राहतं. डिस्क कपाटात असो, जळालेली असो, विकलेली असो. एक सेटिंग मात्र बघा, पीसीवरून काढलेल्या फाइली तिकडूनही साफ करायचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. आता एक डिस्क जोडतो, पूर्ण चढेपर्यंत ठेवतो, मग काढून कपाटात, आणि वर मार्करने 'वर गेली' असं लिहितो. गेल्या वर्षी दारव्ह्याला एका लग्नात असताना जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, मुलीच्या बारशाचा एक फोटो हवा होता, मी जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या मोबाइलवरून काढून पाठवला. अशी कामं महिन्यातून दोन-तीनदा निघतात.

त्रास इथेही आहेत. जागा भरते, हा मोठा. मी पाच टीबीपैकी साडेचार भरून बसलो आहे, आणि मर्यादा ओलांडली की काही ठिकाणी जास्तीचे पैसे लागतात, तेव्हा आधीच तपासा. त्यामुळे दर दिवाळीत बसून कोणतं कच्चं फुटेज काढायचं ते ठरवावं लागतं. मी तीन वर्षांपेक्षा जुन्या लग्नांचं फुटेज काढतो आणि फोटो कधीच काढत नाही. काय चढवायचं तेही आपणच निवडायचं असतं, म्हणजे निवडायचं राहिलं ते गेलं. डेस्कटॉपवरची एक पत्रिका माझी अशीच गेली. आणि टीबीच्या हिशोबाने बघितलं तर मला पहिल्यापेक्षा ही महाग पडते. पण अमर्याद या शब्दाचंही थोडं जपूनच. क्रॅशप्लॅन नावाच्या बॅकअपवाल्यांनी घरगुती ग्राहकांची अमर्याद सेवा बंद करत असल्याचं २०१७ मध्ये जाहीर केलं आणि २०१८ मध्ये ती बंद झाली, गूगल फोटोजचं फुकटचं अमर्याद १ जून २०२१ ला संपलं. क्रॅशप्लॅनच्या घरगुती ग्राहकांना दुसरी सोय शोधावी लागली, आणि गूगल फोटोजवर आधी चढवलेले फोटो राहिले, पण त्यानंतरचे जागेत मोजले जाऊ लागले.

दोन्हीकडे लागू असलेल्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. स्वतःची खाजगी की (डेटा उघडायची किल्ली, पासवर्डसारखी) ठेवायचा पर्याय घेतला तर ती हरवल्यावर कंपनीसुद्धा डेटा उघडून देऊ शकत नाही. माझी की एका कागदावर लिहून घरी कपाटात आणि दुसरा कागद वर्ध्याला बहिणीकडे आहे. दुसरं, पैसे परदेशी कंपनीला जातात. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करावे लागतात, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम लागू झाल्यावर अशी वर्गणी आपोआप कटेलच असं धरून चालू नका. वर्षाचे एकदम भरा आणि तारखेच्या पंधरा दिवस आधीची आठवण मोबाइलमध्ये लावा.

मग कोणाला काय? तुमचा सगळा डेटा पीसीच्या आतल्या डिस्कवर मावत असेल, कॉम्प्युटर एकच असेल, तो रोज चालू होत असेल, तर मला वाटतं अमर्याद तुमच्यासाठी बरी, आणि स्वस्तही. माझा एक मित्र पुसदला आहे, शिक्षक, त्याला मी तीच घ्यायला सांगितली आणि तो खूश आहे. यवतमाळ-अमरावतीत जिथे लाइन टिकते तिथे डिस्क जोडत राहणंही जमत असेल, मी नाही म्हणत नाही. पण खेड्यात स्टुडिओ आहे आणि जुनी लग्नं डिस्कांमध्ये कपाटात आहेत, तर मी तरी मोजलेली जागाच घ्या म्हणेन, पाच टीबी नसली तरी दोनची घ्या आणि फक्त फोटो ठेवा.

आणि कोणतीही घेतली तरी कपाटातल्या डिस्क फेकू नका. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरचा ३-२-१ चा नियम आहे, तीन कॉपी, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. ऑनलाइनवालं ती शेवटची एक कॉपी आहे.

बदलायचं असेल तर आधीचं खातं लगेच बंद करू नका. मी दुसरी घेतल्यावर पहिली सात महिने चालू ठेवली होती, कारण सहा डिस्क चढवायलाच तेवढा वेळ गेला. आधी सगळ्यात जुनी डिस्क लावा, तिचंच काही सांगता येत नाही. चढून झाली की त्यातलं एखादं फोल्डर परत उतरवून दोन-चार फोटो उघडून बघा, मगच तिच्यावर मार्करने लिहा.