कोलोनोस्कोपी आणि कॅप्सूल एंडोस्कोपी: पोट साफ करायला कोणतं औषध घ्यावं?

मिरजेत कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, किंवा गिळायच्या कॅमेऱ्याची कॅप्सूल एंडोस्कोपी ठरली की हातात चिठ्ठी येते आणि गोंधळ सुरू होतो तो मेडिकलच्या काउंटरवर. शेजारच्याला एवढीशी बाटली मिळालेली असते, आपल्याला मात्र दोन लिटर पाण्यात कालवायची पावडर. मग वाटतं, आम्हालाही बाटलीच द्या की! कळकळीनं सांगते, ही अदलाबदल परस्पर करू नका. हे औषध चवीवरून ठरवायचं नसतं. आपली किडनी, हृदय आणि तपासणीची वेळ बघून ते ठरतं.

पावडर म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बोलताना नुसतं ‘पेग’. ते रक्तात जवळपास शोषलं जात नाही. आपण प्यायलेलं पाणी ते आतड्यातच धरून ठेवतं आणि ते पाणी मळ घेऊन बाहेर पडतं. शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे हलत नाहीत, म्हणून वयस्कर माणसं आणि किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांसाठी डॉक्टर बहुधा हेच देतात. त्रास आहे तो पिण्याचा. दोन लिटर, काही वेळा चार, तेही खारट. गार करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला घेतला की जातं. उमासे आले तर अर्धा तास थांबा आणि पुन्हा सुरू करा.

बाटलीतलं औषध बहुतेक वेळा सोडियम फॉस्फेट असतं. ते प्रमाणानं थोडं, पण आपल्याच शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं आणि फॉस्फेट रक्तात जातं. त्यातून किडनीला कायमची इजा झाल्याचं आढळल्यावर २००८ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं फॉस्फेटच्या गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं, सांधेदुखीच्या पेनकिलर रोजच्या असतील, किंवा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी तपासणी) वाढलेलं असेल, तर माझ्या मते बाटलीचा विचारच नको.

पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियमची पुडी चवीला बरी लागते. तरुण आणि निरोगी माणसाला ती चालते, पण वरून भरपूर पाणी प्यावंच लागतं. किडनी अधू असेल तर मॅग्नेशियम साठून राहतं.

पण कोलोनोस्कोपीत औषधाच्या कंपनीपेक्षा ते घेण्याची वेळ महत्त्वाची. सगळं औषध आदल्या संध्याकाळी संपवलं तर रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर बसतो. चपटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या गाठी, नेमके त्याखाली दडतात. म्हणून अर्धं औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या पाच-एक तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या सूचनाही अशाच आहेत. आता जत किंवा आटपाडीहून येणाऱ्यानं काय करावं? सकाळी नऊची वेळ असेल तर दुसरा डोस पहाटे चारला, आणि लगेच एसटीत बसायचं? ते होत नाही. अशांनी दुपारची वेळ मागून घ्यावी किंवा आदल्या रात्री मिरजेत नातेवाइकाकडे मुक्काम करावा. शेवटी शौचाला पिवळसर, आरपार दिसणारं पाणी व्हायला हवं. गढूळ किंवा तपकिरी होत असेल तर दवाखान्यात पोचल्या पोचल्या सांगा.

आदल्या दिवशी मऊ पांढरा भात, गाळलेलं वरणाचं पाणी, गाळलेलं ताक. भाकरी, पालेभाजी, भडंग, बेदाणे, डाळिंब बंद. ड्रॅगन फ्रूट तर नकोच. त्याच्या काळ्या बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात आणि लाल गर रक्तासारखा दिसतो. त्याच कारणानं कोकम सरबतही टाळा. ‘आज उपवासच धरते’ म्हणून शेंगदाण्याची खिचडी आणि भगर खाणारे बरेच असतात. शेंगदाणा इथे अजिबात चालत नाही. औषध सुरू झाल्यावर शहाळं, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा एवढंच.

कॅप्सूलचं गणित निराळं. कोलोनोस्कोपीत डॉक्टर पाणी मारून, ओढून थोडीफार घाण काढू शकतात. कॅप्सूल म्हणजे गिळलेला कॅमेरा, समोर येईल त्याचे फोटो काढत पुढे सरकणारा. त्याला काही धुता येत नाही. पण तो बघतो लहान आतडं, जिथे घट्ट मळ नसतोच. अडचण होते ती पित्त आणि बुडबुड्यांची. म्हणून साधारण दोन लिटर पेग, रात्रभर उपाशी पोट, आणि गिळण्याआधी फेस मोडणारं सिमेथिकोन पुरतं. लोहाच्या गोळ्या मात्र आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवा, त्या आतड्याच्या अस्तराला काळा रंग चढवतात. कोलोनोस्कोपीलाही हेच लागू. मोठं आतडं बघणारी वेगळी कॅप्सूल असते, तिला तयारी कोलोनोस्कोपीपेक्षाही कडक लागते.

मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं यांचं दोन्ही तपासण्यांआधी लेखी विचारून घ्या. मनानं बंद करू नका. आतड्याचा टीबी होऊन गेला असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा जेवल्यावर पोट फुगून कळा येत असतील, तर कॅप्सूलआधी ते सांगितलंच पाहिजे. अरुंद जागी कॅप्सूल अडकली तर पोट कितीही साफ असलं तरी ती बाहेर येत नाही, आणि ती पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करता येत नाही.