डिस्पोजल बदलताय? अर्धा, पाऊण की सरळ रामराम

सिंकखालचं डिस्पोजल, म्हणजे खरकटं दळून पाइपात सोडणारं मशीन, बंद पडलं म्हणून लगेच नवीन आणायला धावू नका. बटण दाबल्यावर नुसतं गुणगुणत असेल तर आत काहीतरी अडकलंय. ब्रेकर बंद करा, मशीनच्या तळाच्या मधोमध असलेल्या भोकात पाव इंची ॲलन की (षटकोनी किल्ली) घालून दोन्हीकडे फिरवा, मग ब्रेकर चालू करून खालचं लाल बटण दाबा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरी एकदा शेवग्याच्या शेंगांच्या चोथ्याने असंच झालं होतं. मशीनच्या बुडातूनच पाणी ठिबकत असेल तर मात्र आतलं सील गेलंय. मग नवीनच घ्यावं.

बिल्डरने बसवलेलं बहुतेक वेळा एक तृतीयांश किंवा अर्ध्या हॉर्सपॉवरचं असतं. दोघांच्या घराला अर्ध्याचं पुरतं. स्वस्त असतं, पण दळायचे भाग बहुधा गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले), म्हणजे कधी ना कधी गंजणार, आणि आवाज असा की फोनवर बोलणं थांबवावं लागतं. पाऊण हॉर्सपॉवरला जवळपास दुप्पट पैसे पडतात. त्यात बहुधा स्टेनलेस स्टील आणि आवाज दाबणारं आवरण मिळतं. रोज दोन वेळचा स्वयंपाक आणि वर शनिवार-रविवारी पाहुणे असतील तर मी पाऊणच घेईन. एक हॉर्सपॉवरची मला तरी गरज दिसत नाही.

कारण आत पाती नसतातच. फिरत्या तबकडीवरचे दट्टे खरकटं कडेच्या दातेरी कड्यावर भिरकावतात आणि ते तिथे घासून बारीक होतं. त्यामुळे नारळाची शेंडी, शेवग्याचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या कापल्या जात नाहीत, गुंडाळल्या जातात. घोडे कितीही वाढवा. चहाचा चोथा तर मशीनमधून सुखरूप जातो आणि पुढे पाइपात साचतो. तुपाचं भांडं आधी पुसून घ्यावं आणि पाणी थंडच सोडावं. गरम पाण्याने तूप वितळून पुढे जातं आणि तिथे थिजतं.

घर सेप्टिक टँकवर असेल तर माझं मत तिसरंच: काढूनच टाका, साधी जाळी बसवा. दळलेला गाळ टाकीतच साठतो आणि उपसायला लवकर बोलवावं लागतं. न्यूयॉर्क शहरात अपार्टमेंट असेल तर आधी बिल्डिंगच्या बोर्डाला विचारा. शहरातल्या बऱ्याच भागांत डिस्पोजलवर 1997 पर्यंत बंदी होती, आणि काही बोर्ड अजूनही नको म्हणतात.

खरी मेख बसवण्यात आहे. त्याच कंपनीचं आणि त्याच बैठकीचं, म्हणजे सिंकला तसंच अडकणारं, घेतलंत तर सिंकला लावलेली जुनी रिंग तशीच राहते. जुनं फिरवून काढायचं, नवीन फिरवून चढवायचं, तासाभराचं काम. दुसऱ्या कंपनीचं घेतलं की बहुधा रिंग, गॅस्केट आणि वाळून दगड झालेली पुट्टी, सगळंच उखडावं लागतं. पुट्टी खरवडण्यात माझा अख्खा शनिवार गेलाय. प्लग असलेली वायर सोबत येते का हेही खोक्यावर बघा, कित्येकदा ती वेगळी घ्यावी लागते. डिशवॉशरचा पाइप त्यातच जोडायचा असेल तर त्या तोंडातलं प्लास्टिकचं बूच आधी ठोकून काढा. ते विसरलं की डिशवॉशरचं पाणी जातच नाही.

आणि दुकानात जाण्याआधी टेप घेऊन सिंकखाली वाका. पाऊणचं मशीन अनेकदा जास्त उंच असतं. त्याचं पाणी बाहेर पडायचं तोंड भिंतीतल्या पाइपाच्या खाली गेलं, तर पाणी वर कसं चढणार?