फॅक्टच्या बटणासाठी घ्यावा असा कॅल्क्युलेटर

शाळेसाठी अमरावतीहून सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणला, हजार-बाराशेच्या घरातला. बेरीज-वजाबाकी, साइन-कॉस कोणताही करतो. मला लिहायचंय ते फॅक्टच्या, म्हणजे संख्येचे मूळ अवयव पाडणाऱ्या बटणाबद्दल. संख्या टाकून बरोबरचं चिन्ह दाबायचं, मग शिफ्ट आणि अंश-मिनिटांचं बटण. मूळ अवयव लगेच समोर येतात. दहा अंकांपर्यंतची संख्या चालते. आमच्या दर्यापूरकडच्या खेड्यात नेटचा भरवसा नाही, त्यामुळे हे बटण फारच कामी येतं.

पोट्ट्यांनी आधी घरच्यांचे मोबाइल नंबर टाकले. दहा अंकी, बरोबर मापात बसतात. मग दहा वेळा १ टाकला: ११×४१×२७१×९०९१. वर्गात एकच गलका! नंतर एकीने १२३४५६७८९ टाकला, तर उत्तर ३²×(१३७१७४२१).

"मॅडम, हा कंस कायले आला?"

सोबतच्या कागदावर याचा खुलासा बारीक इंग्रजीत आहे, मराठीत असता तर बरं झालं असतं. हे यंत्र तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच, म्हणजे ९९७ पर्यंत भागून पाहतं. पुढची मूळ संख्या १००९. उरलेला भाग १००९ च्या वर्गाहून, म्हणजे १०१८०८१ हून लहान असेल तर तो मूळच असणार, म्हणून ९०९१ ला कंस नाही. त्याहून मोठा उरला की कंस. कंसातली संख्या मूळ असेलच असं नाही; १३७१७४२१ म्हणजे ३६०७×३८०३.

मला खरी गोडी लागली ती ४२९४९६७२९७ ने. ही २ चा ३२ वा घात अधिक १. २ चा घातांकही २ चाच घात असेल, तर अशा संख्या मूळच असतात असं गणितज्ञ फर्माला वाटायचं. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. आमच्या यंत्रावर ६४१×(६७००४१७) आलं. पुन्हा कंस! मग फळ्यावर हिशोब मांडायला बसलो. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येतो, हे ऑयलरचंच. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे; ती मूळ नसेल तर तिचा एक तरी मूळ अवयव याच्या आत असायलाच हवा. ९९७ पर्यंतचं काम यंत्राने केलेलंच होतं. त्यापुढे तपासायला उरल्या पाचच मूळ संख्या: ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. दहावीच्या पोरींनी पाचही भागाकार केले. एकानेही भाग जाईना, २११३ ने तर बाकी ९४. कंस आम्ही फळ्यावर पुसून टाकला. इतका आनंद मला तयार उत्तराने झाला नसता.

बटणं टणक आहेत, वरचं झाकण घट्ट बसतं. नववी-दहावीच्या शिक्षकांनी जरूर घ्यावा. सगळ्याच मॉडेलांत फॅक्ट नसतं, म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच १२३४५६७८९ टाकून पाहा.