रेफरल ग्रुपमधलं पहिलं वर्ष: कामं नक्की कुठून आली

रेफरल ग्रुपच्या, म्हणजे एकमेकांना ओळखीतली गिऱ्हाइकं सुचवणाऱ्या व्यावसायिकांच्या गटाच्या, मेंबरशिपच्या रिन्यूअलचा मेसेज येऊन पडलाय, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतो. माझा धंदा पॅकेजिंगचा, पुठ्ठ्याचे खोके बनवून देतो. ग्रुप नेहमीच्या साच्यातला: दर आठवड्याला सकाळी दीड तासाची मीटिंग, एका व्यवसायाचा एकच मेंबर, हजेरीच्या बाबतीत कडक. हा साचा जगभर पसरला तो इव्हान मिस्नर यांनी 1985 मध्ये अमेरिकेत बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) ही रेफरल संस्था सुरू केल्यावर. एका व्यवसायाचा एकच माणूस ही पद्धत मात्र त्याहून जुनी, 1905 साली शिकागोत सुरू झालेल्या रोटरीतही ती होती. माझ्या ग्रुपचं नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुरही आहे.

पैसे वसूल झाले का? झाले. वेळ वसूल झाला का, हा जास्त अवघड प्रश्न. आठवड्याला दीड तास म्हणजे वर्षाचे 78 तास फक्त मीटिंगचे. जाणं-येणं आणि वन-टू-वन, म्हणजे दोनच मेंबरांच्या वेगळ्या, भेटी त्याच्या वर. एवढा वेळ घालून नुसतं हजेरी लावून घरी यायचं असेल तर फी कितीही कमी असो, सौदा तोट्याचाच.

मीटिंगमध्ये प्रत्येकाला मिनिटभर बोलायला मिळतं. त्यात निम्मे लोक ‘क्वालिटीत तडजोड नाही, सर्व्हिस वेळेत’ एवढंच सांगून बसतात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काहीच राहत नाही, कारण त्याला कोणाला फोन करायचा हेच कळत नाही. ‘कोणाला खोके लागले तर सांगा’ याच्यावरही कोणी काही सांगत नाही. त्याऐवजी ‘काचेच्या बाटल्या कुरियरने पाठवणारा आणि फुटलेला माल परत येऊन वैतागलेला कारखानदार कोणाच्या ओळखीत आहे का?’ असं विचारलं की दोन-तीन माना तरी वर होतात. दर आठवड्याला एकच ग्राहक मागायचा, तोही इतका बारकाईने की ऐकणाऱ्याला एक चेहरा आठवला पाहिजे.

पण सगळ्यात मोठं काम मिळालं ते मीटिंगच्या खोलीबाहेर. गोडाऊनमध्ये रॅक बसवून देणारा एक मेंबर वन-टू-वनसाठी माझ्या वर्कशॉपवर आला होता. कंपनीची माहिती वगैरे बाजूला ठेवून मी त्याच्या हातात थ्री-प्लाय आणि फाइव्ह-प्लायचा, म्हणजे तीन आणि पाच थरांच्या पुठ्ठ्याचा, एकेक खोका दिला आणि कोपरे दाबून बघायला सांगितलं. मग म्हटलं, ‘तू रोज कोणाच्या ना कोणाच्या गोडाऊनमध्ये असतोस. थप्पीतले सगळ्यात खालचे खोके पोट काढून बसलेले दिसले, की तिथं माझं काम आहे. एकतर पुठ्ठा हलका निवडलाय, नाहीतर फरशीची ओल लागतेय.’ काही आठवड्यांनी त्याचा फोन आला, ‘अहो, पोटवाले खोके सापडले. मालकाशी बोललोय, तुमच्या फोनची वाट बघतायत.’ ते गिऱ्हाईक आज दर महिन्याला माल उचलतंय. खोक्यांबद्दल तो काहीच बोलला नव्हता, तळाची थप्पी दाखवून ‘हे असं का होतं माहितीये का?’ एवढंच त्याने मालकाला विचारलं होतं.

नवे मेंबर इथे गोंधळतात. ग्रुपमधले लोकच आपले ग्राहक, असं धरून चालतात. त्यांची गरज दोन-चार महिन्यांत संपते, खरा माल त्यांच्या ओळखीपाळखीत असतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या 1973 च्या गाजलेल्या निबंधात हेच दिसतं: ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना तिची खबर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांकडून मिळाली होती. रोजच्या मित्रांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं.

आता कुरकुर. आकडा भरण्यासाठी दिलेले रेफरल. नंबर हातात येतो, आपण फोन करतो आणि पलीकडून ‘कोण तुम्ही?’ मी आता नंबर घेतानाच विचारतो, ‘त्यांना माझा फोन येणार हे माहीत आहे ना?’ नसेल तर आधी बोलून घ्या म्हणतो. एक-दोघांना राग आला, पण पुढचे नंबर बरे आले. दुसरी गोष्ट टाळ्यांची. मिळालेल्या धंद्याचे आकडे जाहीर होतात ते उलाढालीचे, नफ्याचे नव्हेत. एखाद्या मशीन विकणाऱ्याच्या एका सौद्याने सगळा ग्रुप श्रीमंत दिसायला लागतो. आमच्या धंद्यात कागदाचे भाव हलले की मार्जिन हलतं, म्हणून मी माझा हिशेब खर्च वजा जाऊन हातात काय उरलं यावरच ठेवतो.

आपण इतरांना काय द्यायचं, हाही प्रश्न असतोच. मी डिलिव्हरीच्या वेळी गिऱ्हाइकाला विचारतो, ‘अजून कुठे अडलंय?’ कोणाला वायरिंगवाला हवा असतो, कोणाला चांगला अकाउंटंट. देण्यासारखे रेफरल यातूनच निघतात. आणि आलेल्या रेफरलचं काय झालं ते त्याच दिवशी कळवायचं, काम झालं नाही तरी. रॅकवाल्याचं दुसरं गिऱ्हाईक आमच्या किमान ऑर्डरपेक्षा फारच लहान निघालं. तसं त्याला स्पष्ट सांगितल्यावर तो पाठवण्याआधी महिन्याचा खप विचारायला लागला.

महिन्यातून एकदा आम्ही चौघं वेगळे बसतो: मी, रॅकवाला, ट्रान्सपोर्टवाला आणि ब्रँड डिझायनर. चौघांचं गिऱ्हाईक एकच, फक्त प्रत्येकाला ते वेगवेगळ्या वेळी भेटतं. डिझायनरला नवा माल बाजारात यायच्या आधी कळतं, ट्रान्सपोर्टवाल्याला फुटतूट झाल्यावर. बाकी ट्रेनिंगची सत्रं वगैरे ठीकठाक, एक-दोन केली की पुरे.

ज्यांना याच महिन्यात पैसा उभा करायचाय त्यांनी या फंदात पडू नये, सहा महिने तर ओळख मुरायलाच जातात. ज्यांची कामं टेंडरवरच ठरतात त्यांनाही फारसा उपयोग नाही. आपल्याला जमणार नसेल त्या दिवशी बदली माणूस पाठवायची सोय असते, ती वापरा. माझा डिस्पॅच सांभाळणारा गेला होता, तो माझ्यापेक्षा बरा बोलला म्हणे.

रिन्यूअल भरतोय. ग्रुपमध्ये कुरियरवाल्याची जागा रिकामी आहे आणि फुटलेला माल सगळ्यात आधी त्याच्याच हातात येतो, म्हणून एकाला व्हिजिटर म्हणून आणायचं बोलणं चालू आहे. सकाळच्या वेळेला तो अजून तयार होत नाहीये.