बागेतलं तळं, मल्चिंग पेपर आणि फुकटचं कासव

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला हाय, वीस वर्षं झाली, दिवसभर हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीकातली बारीक जाडी मोजायचं साधन. हे आधीच सांगतोय, कारण पुढं वाचल्यावर तुम्ही हसणार, हसा.

घर अनगोळच्या पलीकडं, मागं थोडी मोकळी जागा. लहानपणी खानापूरला आजोळी वळीव पडला की रात्रभर बेडकांचा आवाज, हळदीसारखे पिवळेधमक मोठे बेडूक, पाण्यावर चतुर आणि त्यांच्यापेक्षा बारीक टाचण्या. आता आमच्या गल्लीत सगळं काँक्रीट, मग डोक्यात आलं की मागं एक छोटं तळं करूया, मासे ठेवायचं नाही, जे जीव येतील ते आपणहून येऊ देत असलं. मोबाईलवर एकाचं रील दिसलं, 'नॅचरल पाँड करून देतो'. फोन केला, दुसऱ्या दिवशी माणूस दारात. गोड बोलणारा, 'सर सर' करत. बायकोनं आतनंच खूण केली की नको, पण आम्ही कुठलं ऐकतोय.

ठरलं बारा बाय आठ फूट, खोली अडीच फूट. खाली पाणी मुरू नये म्हणून अंथरायचं एक मिलिमीटर जाडीचं ईपीडीएम रबराचं लायनर, साठ रुपये चौरस फूट, 420 चौरस फूट लागणार म्हणाला. आता हिशोब बघा, लांबीत दोन्ही बाजूची खोली धरायची आणि कडेला दोन फूट जादा, म्हणजे 12 अधिक 5 अधिक 2, झाले 19. रुंदीचं तसंच 15. 19 गुणिले 15 म्हणजे 285. हा पाचवीतल्या पोराचा हिशोब मी त्यावेळी केला नाही, नंतर केला. पंप आणि फिल्टर पण गळ्यात मारला साडेबारा हजाराला. जिवांसाठी केलेल्या तळ्याला फिल्टर लागतच नाही, पाण्यातली झाडंच ते काम करतात, पहिले काही आठवडे पाणी हिरवं होतंय, मग झाडं वाढतील तसं निवळत जातंय. पण हिरवं पाणी बघून माणूस घाबरतो आणि तिथंच ह्यांचा धंदा चालतो. 'बॅक्टेरिया' म्हणून एक बाटली 1,800 ची दिली, झाकण उघडलं तर गुळाचा वास!

सगळे मिळून 68 हजार 600. बिल कच्चं, पक्कं मागितलं तर 'जीएसटी लागेल की सर'. निम्मे पैसे रोख, निम्मे फोनवरनं. ते फोनवरचे निम्मे तेवढे पुढं कामाला आले.

काम माझ्या शिफ्टमध्ये केलं. मी संध्याकाळी येऊन बघतो तर खड्डा गुळगुळीत दगडगोट्यांनी झाकलेला, पाणी भरलेलं, नळाचंच भरलेलं, त्यात सहा केशरी मासे (नको म्हटलेले) आणि 'पर्पल लिली' म्हणून साडेतीनशेला एक अशी सहा झाडं. दिसायला झकास. ती लिली म्हणजे जलपर्णी हो, रंकाळ्यातनं आणि पंचगंगेतनं काढून काढून लोक थकले ती, तीन आठवड्यात निम्मं तळं झाकून टाकलं तिनं. भिंती चारी बाजूंनी सरळ उभ्या, एक चिचुंद्री पडली आणि बुडून मेली, कारण चढून यायला उतारच नाही. एक बाजू तरी उतरती पाहिजे, हे मला त्या चिचुंद्रीमुळं कळलं.

आणि जाताना त्यानं एक कासव सोडलं. 'सर, आमच्याकडनं गिफ्ट, लकी असतंय.' आई खूश, हळदकुंकू वाहिलं.

एप्रिलमध्येच पाणी उतरू लागलं. फोन केला की एकच, 'बाष्पीभवन सर, ऊन किती हाय बघा की.' मग शेजारच्या काकांनी सांगितलं ते केलं, तळ्याच्या कडेला बादली भरून ठेवली, बादलीवर आणि तळ्यातल्या दगडावर मार्करनं रेघ मारली. सकाळी बादलीतलं पाणी रेघेला चिकटून, तळं चार बोटं खाली. रात्री कुठलं ऊन? तो आला, 4,500 ची कसली तरी पांढरी पावडर टाकून गेला, ती पण वाया. नंतर म्हणाला पावसाळ्यानंतर बघू. का, तर बेळगावच्या पावसात जमीन एकदा भरली की लायनर नसलेल्या खड्ड्यातपण पाणी थांबतंय, तोपर्यंत हा गावाबाहेर.

चिकोडीकडचा मामेभाऊ आला होता, मिरची लावतो तो. त्यानं दोन दगड बाजूला केले, कागद चिमटीत धरला, 'अरे ह्यो मल्चिंग पेपर हाय बे, आम्ही वाफ्यावर घालतोय तो. ह्यात पाणी ठेवूलालास?' मी एक तुकडा कापून कामावर नेला, मायक्रोमीटर लावला. 0.03. म्हणजे 30 मायक्रॉन, ठरलेला एक मिलिमीटर म्हणजे 1000. शॉपमध्ये पोरं दोन दिवस हसत होती.

आता खरी गोष्ट. पैसे परत दे म्हटल्यावर त्या तळंवाल्याचा आवाजच बदलला. 'सर, तुमच्याकडं कासव हाय न्हवं? फोटो हाय माझ्याकडं. फॉरेस्टला फोन करू काय?' माझे पायच गळाले. ते गिफ्ट गिफ्ट नव्हतंच. ते आपल्या ओढ्या-विहिरीतलं देशी कासव, पाय आत घेतले की खालनं पडद्यासारखं मिटणारं, 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीतलं, घरात ठेवलं तर 3 ते 7 वर्षं कैद होऊ शकते. म्हणजे ज्याला फसवलं त्यालाच गुन्हेगार करून ठेवायचं, मग कोण तक्रार करतंय?

दोन रात्री झोप नाही. आई म्हणाली गुपचूप नदीत सोडून ये. शेवटी ओळखीच्या वकिलांना विचारलं, त्यांनी दटावून सांगितलं, लपवू नको, सोडू पण नको, कुठं जाऊ नये तिथं रोग नेशील. वन खात्याच्या ऑफिसात आपणहून गेलो, कुणी दिलं, कधी दिलं सगळं लिहून दिलं, त्याच्या धमकीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी कासव नेलं, पोच दिली, मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. ती पोच हातात आल्यावर त्याला परत फोन केला, तर फोन बंद.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घातलीय. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, दोन वर्षांच्या आत घालावी लागते, आणि 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारता येतंय. फोनवरनं दिलेल्या पैशांची नोंद, तो कागदाचा तुकडा आणि रेकॉर्डिंग जोडलंय. रोख दिलेल्याचं काय, ते कळंल.

कुणी तळं करणार असाल तर करा, पण लायनर अंथरताना घरात थांबा, जाडी मोजून घ्या, दगड तुमच्यासमोर पडू देत. फुकट प्राणी कुठलाच घेऊ नका, बेडूक आणि चतुर पाणी शोधत येतात, त्यांना आणावं लागत नाही.

आणि हो, त्याचं रील अजून फिरतंय, नवीन नंबरनं. त्यात पहिल्या दिवशीचं भरलेलं तळं दाखवतो, मागं पारिजातक आणि दोरीवर निळ्या चौकडीची चादर वाळत घातलेली. ती चादर आमची.